किसलेला परमेश्वर

आमच्या दैनिकाच्या बुधवारच्या पुरवणीत पाककृती छापून यायची आणि तिच्या डोक्यावर एक हिरवा ठिपका असायचा. हा ठिपका देण्याचा अधिकार संपादकांना नव्हता, पुरवणी पाहणाऱ्या मलाही नव्हता. तो एस्तेरबाईंचा होता. त्यांनी स्वतः करून पाहिल्याशिवाय आणि शेजारच्या ताराबाईंनी खाल्ल्याशिवाय ठिपका पडत नसे.

एस्तेरबाई मिशनच्या एका शाळेत तीस-बत्तीस वर्षं गृहविज्ञान शिकवून निवृत्त झाल्या होत्या. ठेंगण्या, सुती साडी, केस घट्ट बांधलेले, गळ्यात दोरीला अडकवलेलं भिंग. ते भिंग वाचनासाठी नव्हतं, पाकिटांसाठी होतं. बिस्किटाचा पुडा असो की मसाल्याचा, त्या आधी मागची बाजू वाचत. किराणा दुकानदार त्यांना येताना पाहून म्हणायचा, ‘‘आल्या इन्स्पेक्टर.’’ त्या रागवत नसत. ‘‘तुम्ही पुढची बाजू विकता, मी मागची विकत घेते,’’ म्हणत.

वाचकांकडून आलेल्या पाककृती दर सोमवारी मी त्यांच्याकडे पोचवायचो. शनिवारी त्या लाल खुणा करून परत देत. ‘सोनेरी होईपर्यंत परतावे’ हे वाक्य त्यांनी एकदाही जाऊ दिलं नाही. ‘‘सोनं रोज कोण बघतंय? भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखं होईपर्यंत, असं लिहा. शेंगदाणा सगळ्यांच्या घरात हाय.’’ त्यांची भाषा एरवी शाळेतली, नीटनेटकी. पण रंगात आल्या की नगरी बोली वर येई. जिल्ह्याचं नाव कागदोपत्री बदललं तरी त्या शहराला नगरच म्हणत.

‘एक वाटी’ या मापावरून त्यांनी एकदा आमच्या कार्यालयात गोंधळ घातला होता. सात वाचक भगिनींच्या पाककृतींत ‘एक वाटी’ होती आणि एकीचाही पदार्थ जमेना. त्यांनी साती जणींना आपापली वाटी घेऊन बोलावलं. एक कोपरगावहून आली, एक राहुरीहून, बाकीच्या शहरातल्या. मीटिंगच्या टेबलावर सात वाट्या एका ओळीत मांडल्या. सर्वांत लहान वाटीत जेवढं पाणी मावलं त्याच्या बरोबर दुप्पट सर्वांत मोठीत मावलं. ‘‘बघा,’’ एस्तेरबाई म्हणाल्या, ‘‘आणि मग म्हणतात, पेपरातलं काही जमत न्हाई.’’ कोपरगावच्या बाईंनी आपली वाटी उचलून पदराखाली घेतली. ती सर्वांत मोठी होती. ‘‘आमच्याकडं खाणारी मानसं हायेत,’’ त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून पुरवणीत मापं मिलिलिटरमध्ये आली.

नवीन जिन्नस पुढे आला की त्या तीन प्रश्न विचारत. कुठनं आलं, कशानं झालं आणि न्हाई मिळालं तर काय? या तिन्हींची उत्तरं मिळाली की तो जिन्नस त्यांच्या स्वयंपाकघरात शिरू शके. ऑलिव्ह, ओट्स, टोफू, सगळे याच दारातून आत आले. टोफूबद्दल त्यांचं मत होतं की, ‘‘गरीब बिचारं हाय, त्याला चव सोडून सगळं हाय.’’

ताराबाई त्यांच्या भिंतीला भिंत लागून राहत. जैन कुटुंब, कापडाचं जुनं दुकान, मुलगा-सून पुण्यात, यजमान वारलेले. एस्तेरबाई ख्रिस्ती, मांसाहारी. पहिली काही वर्षं ताराबाईंनी या घरात पाणीही घेतलं नाही. तसं त्या सरळ सांगत आणि एस्तेरबाई सरळ ऐकत. मग ताराबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. एस्तेरबाईंनी नवी भांडी, नवी शेगडी आणली, ती वेगळ्या फळीवर ठेवली आणि कांदा, लसूण, बटाटा यांतलं काहीही न शिवता दीड महिना त्यांना डबा दिला. ताराबाई चालू लागल्या तरी शुक्रवारचं दुपारचं जेवण याच घरात राहिलं. ताराबाईंच्या दिरांना ते खपत नसे. ‘‘ते मटण खाणारं घर,’’ असं ते चारचौघांत बोलत. ताराबाई उत्तर देत नसत, शुक्रवारी येऊन बसत.

एस्तेरबाई मला एकदा म्हणाल्या होत्या, ‘‘अहो उपसंपादक, ही बाई माझ्या हातचं खाते हे या गल्लीत किती जण डोळ्यांत तेल घालून बघतात, ठाऊक आहे? एकदा चुकलं की माझं एकटीचं नाव जाणार नाही. आमच्या चर्चच्या सगळ्यांचंच जाईल.’’

मला त्या नेहमी ‘उपसंपादक’च म्हणत. त्यातल्या ‘उप’वर थोडा जोर असे.

त्यांचा मुलगा विल्सन जहाजावर नोकरीला होता. सुट्टीवर येताना त्यानं एक चीजचा तुकडा आणला. त्रिकोणी, पिवळट, दगडासारखा कडक. एस्तेरबाईंनी तो हुंगला आणि म्हणाल्या, ‘‘विल्सन, हे पायमोज्यांच्या बॅगेत ठेवलं होतंस का?’’ त्यानं सांगितलं, याला परमेसन म्हणतात, असंच असतं, किसून वरून टाकतात. त्यांनी भिंग काढलं. मागे तीनच शब्द होते. दूध, मीठ, रेनेट.

तीनच जिन्नस असलेलं परदेशी पाकीट त्यांनी पहिल्यांदा पाहिलं होतं. त्यांना ते फार आवडलं. त्या शुक्रवारी त्यांनी दुधी भोपळ्याच्या जाड चकत्या तव्यावर भाजल्या, मिरपूड घातली, वरून ते चीज किसून झाकण ठेवलं. ताराबाईंनी दोनदा मागून घेतलं. ठिपका पडला.

ती पाककृती बुधवारी छापून आली. ‘परमेसन’ हा शब्द आमच्या डीटीपी ऑपरेटरच्या संगणकाला माहीत नव्हता. संगणकानं सर्वांत जवळचा शब्द सुचवला आणि ऑपरेटरनं तो मान्य केला. मी प्रूफ वाचलं होतं. शब्द ओळखीचा होता, ऱ्हस्व-दीर्घ बरोबर होतं, नजर पुढे गेली. छापलं गेलं ते असं: ‘दुधीच्या चकत्यांवर किसलेला परमेश्वर भुरभुरावा व झाकण ठेवावे.’

त्या दिवशी कार्यालयाचा फोन सकाळपासून वाजत होता. कोपरगावच्या एका कीर्तनकारांनी अत्यंत गंभीर आवाजात विचारलं, ‘‘बारीक किसणीनं किसायचा की मोठ्या?’’ एका बाईंनी, न मिळाल्यास काय घालावं, असं विचारलं. संपादकांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं. ते रागावले आहेत असं बाहेर सगळ्यांना वाटलं. आत ते डोळे पुसत होते.

संध्याकाळी मी एस्तेरबाईंकडे गेलो. त्यांनी अंक पुढ्यात घेतला होता. ‘‘तो किसला जात नाही, उपसंपादक,’’ त्या म्हणाल्या. ‘‘किसले आपण जातो.’’ आणि इतक्या हसल्या की भिंतीपलीकडून ताराबाईंनी विचारलं, ‘‘काय झालं ओ?’’

चूक दुरुस्त करण्यासाठी आम्ही पुढच्या दिवशी चौकट दिली: ‘परमेश्वर’ऐवजी ‘परमेसन (एक प्रकारचे चीज)’ असे वाचावे. प्रकरण तिथं संपायला हवं होतं. पण त्या चौकटीमुळे राहुरीच्या एका वाचकांना कळलं की तो जिन्नस नेमका कोणता होता. पुढच्या मंगळवारी त्यांचं पत्र आलं. दुग्धशास्त्रात आयुष्य गेलेले गृहस्थ. अक्षर टपोरं, सूर सौम्य. त्यांनी लिहिलं होतं की रेनेट म्हणजे विरजण नव्हे. दूध पिणाऱ्या वासराच्या पोटातल्या अस्तरापासून ते काढतात, त्यानं दूध गोठतं. आपल्याकडच्या बऱ्याच चीजमध्ये आता दुसऱ्या प्रकारचं रेनेट असतं, त्यावर हिरवी खूण असते. पण अस्सल परमेसन या जुन्या पद्धतीनंच करतात. ‘आपल्या पाककृतीवर हिरवा ठिपका पाहून आश्चर्य वाटले. कदाचित अनवधानाने झाले असावे.’

मी ते पत्र घेऊन गेलो. एस्तेरबाईंनी ते एकदा वाचलं, मग भिंग लावून पुन्हा वाचलं. नंतर कपाटातून रिकामं पाकीट काढून त्यावरचा तिसरा शब्द पाहिला.

‘‘मी ‘कशानं झालं’ विचारलंच नाही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘रेनेट वाचलं आणि मनात विरजण म्हटलं. शब्द परका असला की आपण त्यात ओळखीचं काहीतरी भरून मोकळे होतो. तुमच्या त्या संगणकानं केलं तेच मी केलं.’’

मी म्हणालो की दुरुस्ती छापता येईल. ताराबाईंना सांगायची गरज आहेच असं नाही, त्या पेपर वाचत नाहीत. हे मी का म्हणालो, ते नोंदवून ठेवायला हवं. मला ती दोघींची शुक्रवारची पंगत मोडू नये असं वाटत होतं.

‘‘उपसंपादक,’’ त्या म्हणाल्या, ‘‘मी मटण खाते ते मटण म्हणून खाते. त्या बाईला मी दुधी म्हणून काय खायला घातलं?’’

त्या उठल्या, चपला घातल्या आणि शेजारी गेल्या. मी त्यांच्या मागे अंगणापर्यंत गेलो. ताराबाई दारात तांदूळ निवडत होत्या. एस्तेरबाईंनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. वासरू हा शब्द त्यांनी गाळला नाही.

ताराबाईंनी सूप बाजूला ठेवलं. ‘‘किती दिस झाले?’’

‘‘अकरा.’’

‘‘दोनदा घेतलं हुतं मी.’’

‘‘हो.’’

‘‘बरं,’’ ताराबाई म्हणाल्या. त्या आत गेल्या आणि दार लोटून घेतलं. आपटलं नाही.

दुसऱ्या दिवशी ताराबाईंनी साध्वीजींना विचारलं. त्यांनी तीन दिवस आयंबिल सांगितलं. आयंबिल म्हणजे दिवसातून एकदाच जेवायचं, तेही तूप, तेल, दूध, मसाला यांतलं काहीही नसलेलं. ताराबाईंनी ते सुरू केलं. तिसऱ्या दिवशी त्यांना मोलकरणीकडून कळलं की पलीकडेही चूल एकदाच पेटते आहे. त्या कुंपणाशी आल्या. मी त्या वेळी पाककृतींचा गठ्ठा घेऊन तिथंच होतो.

‘‘एस्तेरबाई, तुम्हाला कुणी सांगितलं हे करायला?’’

‘‘कुणी नाही. चूक माझी आणि शिक्षा तुम्ही एकट्यांनी भोगायची?’’

‘‘अहो, पण तुम्ही बोकड खाता! तुम्हाला वासराचं काय?’’

‘‘मला वासराचं नाही. मला तुमचं आहे.’’

ताराबाईंनी कुंपणावरून एस्तेरबाईंच्या हातातल्या ताटाकडे पाहिलं आणि त्या म्हणाल्या, ‘‘आयंबिलात हळद चालत न्हाई. तुमच्या ताटात पिवळं दिसतंय.’’

‘‘मुगाची डाळ आहे ती.’’

‘‘मग ठीक हाय.’’

दुरुस्तीचा मजकूर एस्तेरबाईंनी स्वतः लिहून दिला. चार वाक्यं होती. शेवटचं वाक्य ‘मला हे माहीत नव्हते’ असं होतं. वृत्तपत्रात असं लिहीत नाहीत, म्हणून मी ते काढलं. त्यांनी कार्यालयात येऊन ते परत घातलं. संपादकांनी त्यांना चहा दिला आणि समजावलं, ‘‘बाई, नगर जिल्ह्यात हे चीज खाल्लंय कुणी? लोक विसरले. कशाला पुन्हा उकरायचं?’’

‘‘एका बाईनं खाल्लंय,’’ एस्तेरबाई म्हणाल्या. दुरुस्ती चारही वाक्यांसह छापून आली. ताराबाईंच्या दिरांनी तो अंक दुकानात गिऱ्हाइकांना दाखवला, असं कानावर आलं.

आयंबिल संपल्यानंतरचा शुक्रवार आला. एस्तेरबाईंनी स्वयंपाक केला, ताट वाढलं, ताराबाई आल्या नाहीत. पुढच्या शुक्रवारीही नाहीत. त्यांचा राग नव्हता. कुंपणाशी बोलणं होई, कैरीच्या लोणच्याची चौकशी होई, एकमेकींचे औषधाचे डबे भरले जात. मी एकदा विचारलं तेव्हा ताराबाईंनी मला सांगितलं, ‘‘राग न्हाई ओ. बाई देवमानूस हाय. पण घास उचलला की मनात येतं, यात काय आसंल? आता मनाला काय करू?’’

एस्तेरबाईंनी यावर केलेला उपाय त्यांच्या स्वभावाला धरून होता. त्यांनी ठरवलं की प्राण्याशिवाय दूध गोठवून तेच चीज घरी करायचं. राहुरीच्या वाचकांशी त्यांचा पत्रव्यवहार सुरू झाला. वहीत त्यांनी एक शब्द मोठ्या अक्षरात लिहून खाली रेघ मारली होती. चीक.

‘‘बघा,’’ त्यांनी मला दाखवलं. ‘‘गाय व्याली की पहिलं दूध, तो चीक. कुरडयांचा गहू भिजवून वाटला की चीक. झाडाची फांदी मोडली की चीक. आपल्या भाषेनं आधीच एका फळीवर ठेवलंय सगळं. वासराचा नको तर झाडाचा घेऊ.’’

त्यांना कळलं होतं की अंजिराच्या झाडाच्या चिकानं कोमट दूध गोठतं. चर्चच्या आवारात अंजिराचं झाड होतं. एक ताजी फांदी छाटून तिच्या ओल्या टोकानं त्यांनी दूध ढवळलं. दूध खरोखर गोठलं. ते फडक्यात बांधून, वरवंट्याखाली दाबून, मीठ लावून त्यांनी आठवडाभर ठेवलं. चव किंचित कडू होती, पण त्यांचा चेहरा शाळेत पहिल्या आलेल्या मुलीसारखा झाला होता. बशीत तुकडा ठेवून त्या शेजारी गेल्या. सगळी कृती सांगितली.

‘‘अंजीर?’’ ताराबाई म्हणाल्या. ‘‘आमच्यात अंजीर न्हाई चालत. बारीक जीव आसत्यात त्यात.’’

‘‘पण फळ कुठं घेतलंय? मी फांदी घेतली.’’

‘‘फांदी कशाची?’’

‘‘अंजिराची.’’

‘‘मग?’’

एस्तेरबाई बशीकडे पाहत राहिल्या. आधी ताराबाईंना हसू आलं, मग दोघींना आवरेना. पण बशी परत आली. नंतर एस्तेरबाईंनी बाजारातलं हिरव्या खुणेचं चीज आणलं. भिंगातून वाचून सांगितलं की यातलं रेनेट सूक्ष्मजीवांपासून केलेलं आहे. ताराबाई म्हणाल्या, ‘‘त्यात जीव हा शब्दच हाय की.’’

‘‘मग दह्यात काय असतं?’’

‘‘दही आपलं घरचं हाय,’’ ताराबाईंनी निकाल दिला.

असे दोन महिने गेले. पुरवणीत हिरवा ठिपका येईना. एस्तेरबाईंनी तो स्वतःच थांबवला होता. चाखणारं माणूस नाही तर ठिपका नाही. पाककृती ठिपक्याविना छापल्या जात आणि वाचकांची पत्रं येत. संपादकांनी दुसरं कुणी चाखणारं शोधा असं सुचवलं. त्या ‘‘बघते’’ म्हणाल्या. शोधलं नाही. शुक्रवारचं दुसरं ताट मात्र दर शुक्रवारी मांडलं जाई.

त्याच सुमारास माझी बदली दुसऱ्या आवृत्तीत झाली. निघण्याआधी शेवटचा गठ्ठा द्यायला गेलो, तो दिवस शुक्रवार होता. एस्तेरबाई पोळ्या लाटत होत्या. मला त्यांनी जेवायला बसवलं. एवढ्यात मागच्या दारातून ताराबाई आल्या. हातात स्टीलचा झाकणाचा डबा होता. त्या उंबऱ्यात थांबल्या नाहीत, थेट ओट्यापाशी आल्या.

‘‘एस्तेरबाई, दुधी हाय का घरात?’’

‘‘आहे. का हो?’’

ताराबाईंनी डबा उघडला. आदल्या दिवशी त्यांनी लोणी कढवलं होतं. तूप काढून घेतल्यावर भांड्याच्या तळाशी जी तांबूस खरपूस बेरी राहते, ती त्या डब्यात होती. घरोघरी ती साखर घालून मुलांना देतात.

‘‘ही टाकून बघा वरून,’’ त्या म्हणाल्या.

एस्तेरबाईंनी लाटणं खाली ठेवलं. ‘‘हे कसं सुचलं?’’

ताराबाई माझ्याकडे बघून जरा थांबल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, ‘‘तुमच्या त्या चीजची चव आठवती मला. अशीच हुती. जिभेला काय सांगायचं ओ, ती कुठं आयंबिल करती?’’

एस्तेरबाईंनी हात धुतले. त्यांनी वेगळ्या फळीवरचा तवा उतरवला, दुधीच्या चकत्या भाजल्या, मिरपूड घातली आणि बेरी चुरून वर पसरली. खमंग वास सुटला. ताराबाई पाटावर बसल्या होत्या. त्यांच्यापुढे ताट आलं. त्यांनी घास उचलला. एस्तेरबाई पोळीकडे पाहत होत्या, पण पोळी तव्यावर करपत होती.

ताराबाईंनी सावकाश चावलं. ‘‘मीठ कमी हाय,’’ त्या म्हणाल्या.

‘‘चीजला मीठ असतं. बेरीला नसतं,’’ एस्तेरबाई घाईघाईनं म्हणाल्या. ‘‘माझ्या लक्षात यायला हवं होतं.’’

‘‘तर काय. एवढ्या शिकलेल्या मास्तरीणबाई,’’ ताराबाई म्हणाल्या आणि ताट पुढे केलं. ‘‘टाका मीठ. आन् अजून एक चकती घाला.’’